डावरी गाठ

सयाजी यादव झाडावरून पडून मेला, त्या दिवशी त्याच्या जिवाची गाठ त्याच्या मेहुण्यानं, ज्योतिराम मोहित्यानं बांधली होती. आणि आदल्याच संध्याकाळी याच ज्योतिरामनं सयाजीला तळवाडीच्या तिकाटण्यावर चारचौघांसमोर लोळवून मारलं होतं. गावाला एवढं पुरलं. निकाल लावायला गावाला कधीच फार वेळ लागत नाही.

लोळवण्याला कारण होतं. सयाजीनं दारूच्या नशेत शालनला, म्हणजे ज्योतिरामच्या धाकट्या बहिणीला, उलथन्यानं मारलं होतं. तिचा ओठ फाटला होता आणि एक डोळा सुजून बंद झाला होता. आई लवकर गेली, तेव्हापासून शालनला ज्योतिरामनंच वाढवलेलं. शाळेत जाताना तिची वेणीसुद्धा तोच घालायचा. तिपेडी वेणी त्याला जमायची नाही. सुंभ वळावा तसे दोन पेड तो एकमेकांत पिळायचा, आणि हात डावरा असल्यामुळे पीळ उलट्या अंगाचा पडायचा. वर्गातल्या मुली तिला ‘उलटी वेणी’ म्हणून चिडवायच्या. त्या पोरीचा फाटलेला ओठ बघून त्याचं डोकं फिरलं. त्यानं सयाजीचे दोन दात पाडले, त्याला गटारात दाबून धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “पुन्यांदा तिच्या अंगाला हात लावलासा, तर वरनं खाली याल, दाजी.” माणूस गटारात होता तरी नात्याचा मान काही सुटला नाही. गावानं मात्र दाजी विसरून तेवढं ‘वरनं खाली’ लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेले, कारण दोघं एकाच झाडटोळीत होते आणि एकमेकांचे जोडीदार होते.

झाडटोळ्या निघाल्या त्या उन्हामुळे. त्या सालांत उन्हाळा इतका चढायला लागला होता की कोयनेच्या खोऱ्यातसुद्धा दुपारी पाखरू फिरकत नसे. झाडांचंही बिनसलं. मुळं खालून पाणी ओढायची, पण वर पोचेपर्यंत पुरायचं नाही. लाकडाच्या आत ताण साठत जायचा आणि वारा नाही, पाऊस नाही, अशा चिडीचूप दुपारी शंभर वर्षांच्या झाडाची हिरवीगार फांदी काडकन मोडून रस्त्यावर यायची. एका एप्रिलमध्ये घाटात अशीच फांदी एसटीवर आली आणि आतली निम्मी माणसं जाग्यावर गेली. मग सरकारला जाग आली. रस्त्याकडेची जुनी झाडं तोडायची नाहीत, पण त्यांचं डोक्यावरचं ओझं उतरवायचं, असं ठरलं, आणि त्यासाठी तालुक्यातालुक्यांत दोरावर चढणाऱ्या टोळ्या उभ्या राहिल्या.

चढायची रीत तशी साधी. शिशाची पिशवी फेकून उंचावरच्या मजबूत बेचक्यातून दोर ओवायचा. दोन माणसांनी त्याला लोंबकळून बेचकं झेपतं का ते बघायचं. मग चढणाऱ्यानं कमरेला पट्टा बांधायचा आणि पट्ट्याला जोडलेली एक हातभर बारीक दोरी मोठ्या दोराभोवती पाच वेळा गुंडाळायची. वजन पडलं की हे पाच वेढे दोराला चावतात आणि माणूस जागच्या जागी थांबतो. हातानं वेढे खाली ढकलले की ते सैलावतात आणि माणूस उतरतो. सगळा जीव त्या पाच वेढ्यांत.

आणि म्हणूनच टोळ्यांत एक दंडक होता. आपली गाठ आपण बांधायची नाही. घाईतला माणूस स्वतःशी खोटं बोलतो, ‘ठीक आहे’ म्हणतो आणि चढतो. म्हणून गाठ जोडीदारानं बांधायची. बांधून झाली की दोन्ही पाय उचलून त्यानं तिला स्वतः लोंबकळायचं, आणि मग एकच शब्द म्हणायचा, “माज्यावर.” तो ऐकल्याशिवाय चढणारा जमिनीवरून पाय उचलत नसे. सरकारी शिबिरातले साहेब या प्रकाराला हसायचे. टोळ्यांनी त्यांना हसू दिलं आणि दंडक पाळला.

त्या वर्षी या वेढ्यांसाठी नवी दोरी आली. कंपनीनं तिला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं, पण टोळ्यांनी तिचं नाव ठेवलं घोरपड. एकदा धरलं की सोडत नाही, म्हणून.

तिच्यातली युक्ती खरोखर सुंदर होती. नायलॉनचा तंतू घ्यायचा आणि त्याला पीळ देत राहायचं. एक वेळ अशी येते की आणखी पीळ त्याला सोसवत नाही आणि तो स्वतःभोवतीच वळून स्प्रिंगसारखा गोळा होतो. असा तंतू तापवला की लांबायचं सोडून आखडतो, आणि आखडतो तोही जोरात, माणसाच्या स्नायूसारखा. जुन्या दोरीचं दुखणं नेमकं इथंच होतं. माणूस वेगानं घसरला की घासून वेढे तापायचे, तापले की वितळून गुळगुळीत व्हायचे आणि नको त्या वेळी सोडून द्यायचे. त्यामुळे दोर दुहेरी करून, जपून जपून उतरावं लागे. घोरपड जितकी तापेल तितकी आवळत जायची. बॅटरी नाही, बटण नाही, एकेरी दोरावरून वाऱ्यासारखं खाली यावं आणि हवं तिथं थांबावं.

ती शिकवायला कंपनीच्या इंजिनियर मुजावर मॅडम पुण्याहून आल्या होत्या. मूळच्या मिरजेच्या, त्यामुळे टोळीशी त्यांचं चटकन जमलं. त्यांनी वाळूचं पोतं दोरावरून सोडून दिलं. ते सूंऽऽ करत सुटलं, दोरीतून धुराची रेघ निघाली, आणि पोतं वीतभरात गप्प उभं राहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सयाजीचा धाकटा भाऊ रणजित थट्टेखोर, त्यानं विचारलं, “आमचा ज्योतिराम डावरा हाय, मॅडम. समदं उलटं करतोय. चालंल न्हवं?”

मॅडम हसल्या. “गाठीला काय कळतंय कुठल्या हातानं बांधली ते?”

सगळे हसले. ज्योतिरामही हसला.

सयाजी मेला त्या दिवशी मात्र कुणी हसत नव्हतं. सुजलेल्या तोंडानं तो दोराखाली येऊन उभा राहिला. ज्योतिरामनं त्याच्याकडे न बघता वेढे घातले, पाय उचलून लोंबकळला, गाठ हलली नाही. “माज्यावर,” तो म्हणाला. सयाजी चढला.

बारा वाजायच्या सुमाराला वरची एक फांदी आतून करकरली. सयाजीनं ती ऐकली आणि शिकवलं होतं तसं केलं: वेढे पूर्ण ढकलले आणि स्वतःला सोडून दिलं. घोरपड होतीच धरायला. एवढ्या वेगानं मात्र तो तिच्यावर पहिल्यांदाच उतरत होता. दोर शीळ घालायला लागला. खालच्यांनी धूर बघितला. आता थांबेल, आता थांबेल, म्हणेपर्यंत तो रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावर पाठमोरा आपटला. डोक्यावरचा टोप नारळासारखा उकलला आणि त्याच्या आतलंही. ज्योतिराम धावला, त्यानं मानेखाली हात घातला तर हात कोपरापर्यंत भिजून आला. पट्ट्याला ती दोरी तशीच लोंबत होती. पाचही वेढे सैल झाले होते, कुणीतरी निवांत बसून बोटांनी उलगडावेत तसे.

रणजितनं तिथल्या तिथं दगड उचलून ज्योतिरामच्या बरगड्यांवर घातला. त्याला ओढून बाजूला करायला चौघं लागले. संध्याकाळी गावानं ज्योतिरामची मोटारसायकल पेटवली, त्याला घरातून काढून गुराला मारावं तसं मारलं आणि मग पोलिसांच्या हवाली केलं. कंपनीचा अहवाल आला: दोरी निर्दोष, बांधण्यात चूक झाली असावी. चूक कसली, हे अहवालात नव्हतं. पुरावा नाही म्हणून पोलिसांनी त्याला सोडलं. गावाचं तोंड कोण धरणार? अहवालातली मोकळी जागा गावानं भरून काढली.

तो शालनच्या दारात गेला. ती उंबऱ्याच्या आत उभी होती. ओठावरची खपली अजून पडली नव्हती. “तू म्हनला हुतास, वरनं खाली याल,” ती म्हणाली आणि तिनं दार लावलं.

ज्योतिरामचं खरं दुखणं मोडक्या बरगड्यांचं नव्हतं. आपण खुनी आहोत की नाही, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. घराच्या आढ्याला दोर टाकून तो घोरपडीची गाठ पुन्हा पुन्हा बांधायचा, तिला लोंबकळायचा, अंगाला हिसके द्यायचा. प्रत्येक वेळी गाठ धरायची. म्हणजे त्याला गाठ येत होती. म्हणजे मग त्या दिवशी काय झालं? राग मनात होताच. मन म्हणत होतं बांध, आणि हातानं त्याच्या नकळत काही वेगळंच केलं असेल तर? स्वतःच्या डाव्या हाताकडे तो परक्या माणसाकडे बघावं तसा बघायला लागला.

टोळीचा मुकादम तातोबा भला माणूस. त्यानं ज्योतिरामला काढलं नाही, पण त्याच्याही हातात काही नव्हतं. ज्योतिरामची गाठ बांधायला कुणी पुढं येईना, आणि गाठ बांधली नाही तर चढता येत नाही. मग तो खाली फांद्या गोळा करायचा, बायकांच्या बरोबरीनं पाला ओढायचा. त्याच्याशी कुणी बोलत नसे. त्याला पाणीसुद्धा घागरीतून स्वतःचं स्वतः घ्यावं लागे.

मे महिना सरत आला तेव्हा रणजित एका सकाळी त्याच्यासमोर येऊन उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “तुजी गाठ म्या बांदतो. माजी तू बांद.”

या बोलण्याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. मेलेल्याच्या भावानं गाठ बांधली, म्हणजे विषय संपला. उद्यापासून ज्योतिराम माणसांत, आणि परवा कदाचित शालनचं दारही उघडेल. तातोबाचे डोळे भरून आले. ज्योतिरामनं मात्र रणजितच्या कमरेचा कोयता बघितला. त्याच्या पात्याला नवी धार लावलेली होती, आणि वर कामाला करवत नेतात, कोयता कुणी नेत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, हे त्याला कळत होतं. तरी तो हो म्हणाला. त्याला कुणाच्या तरी हातची गाठ हवी होती, मग ती कुणाच्याही हातची असो.

झाड नांद्रुकीचं होतं, घाटाच्या वळणावरचं, दहा माणसांच्या कवेत न मावणारं. एकाच वरच्या बेचक्यातून दोन दोर सोडले होते. रणजितनं उजव्या हातानं वेढे घातले, नीट आवळले, लोंबकळला. “माज्यावर,” तो म्हणाला, आणि गाठ त्यानं खरोखर चांगली बांधली होती. वर जे करायचं ते त्याला स्वतःच्या हातानं करायचं होतं. गाठीला बट्टा लावायचा नव्हता. मग ज्योतिरामनं डाव्या हातानं त्याची गाठ बांधली, पाय उचलले. “माज्यावर.”

दोघं चढले. उन्हानं दोर आधीच तापला होता, सालीवर हात ठेववत नव्हता. वरच्या जाड फांदीवर दोघं समोरासमोर बसले. ज्योतिरामनं तोल सांभाळायला डावा हात फांदीवर टेकला होता.

“अन्नाची गाठ कुटल्या हातानं बांदली हुतीस?” रणजितनं विचारलं. सयाजीला तो अण्णा म्हणायचा.

“ह्याच.”

कोयता आला तो त्याच हातावर. पातं तळव्यातून आरपार जाऊन लाकडात रुतलं, आणि रणजितनं ते उपसलं तेव्हा ज्योतिरामची तीन बोटं फांदीवरून घरंगळून पानांत दिसेनाशी झाली. दुखायला क्षणभर वेळ लागला. मग रक्त उसळलं आणि ते दोघांच्याही तोंडावर उडालं. दुसरा वार टोपावर बसला, कानाखालून घसरला आणि खांद्याचं मांस सोलून गेला. ज्योतिरामनं पुढं झुकून टोपासकट डोकं रणजितच्या तोंडावर हाणलं. नाकाचं हाड मोडल्याचं त्याला ऐकू आलं. रणजित रक्त थुंकला, हसल्यासारखा दिसला आणि तिसरा वार पूर्ण अंगानं घालावा म्हणून फांदीवर उभा राहिला.

फांदी आतून वाळलेली होती. दोघांचं वजन, वरून ती धडपड. तिनं आणखी काही सोसलं नाही. बुंध्यापासून सालीची लांब पट्टी सोलत ती खाली गेली आणि दोघं आपापल्या दोरावर कोसळले.

ज्योतिरामची गाठ हातभर घसरली. वेढ्यांतून धूर निघाला, जळका वास आला, आणि पट्टा कमरेत असा रुतला की त्याच्या मोडलेल्या बरगड्या पुन्हा मोडल्या. पण गाठीनं धरलं. आणखी आवळून धरलं.

रणजितची धरली नाही. तो ज्योतिरामच्या शेजारून खाली गेला, दोर शिट्टी वाजवत होता, आणि ज्योतिरामनं वरून स्वच्छ बघितलं: धूर निघाला आणि आवळायच्या ऐवजी वेढे फाकायला लागले. पहिला, दुसरा, तिसरा. मक्याच्या कणसाची पानं सुटावीत तसे पाचही सुटत गेले. रणजितनं कोयता टाकून दोन्ही हातांनी दोर धरला. तळहातांची कातडी दोराला चिकटून राहिली. कसाबसा एक पाय दोरात गुरफटला, खाली खोडाच्या एका गाठीवर गुडघा आपटला, आणि तो थांबला. खाली अजून तीन माणूस उंचीचं अंतर होतं आणि त्याखाली डांबर होतं.

“अन्नालाबी ह्येच केलंस,” तो वर बघून म्हणाला. त्याचा आवाज शांत होता.

ज्योतिराम एकदा रणजितच्या सुटलेल्या गाठीकडे बघत होता आणि एकदा आपल्या नाकासमोरच्या गाठीकडे. दोरी तीच, वेढे तेवढेच, ऊन तेच. एक आवळली आणि एक उलगडली. फरक एकच होता. समोरचे वेढे उजव्या अंगानं वर चढत गेले होते आणि त्यानं बांधलेले डाव्या अंगानं. शालनची उलटी वेणी. सयाजीला आपणच मारलं होतं. मनानं नाही, हातानं. इतके दिवस आढ्याला लोंबकळून त्यानं थंड गाठ तपासली होती, आणि थंड असताना तीही मुकाट धरत होती.

खाली तातोबा शिडी आणायला ओरडत होता. शिडी सामानाच्या गाडीवर होती आणि गाडी वळणाच्या पलीकडे. रणजितच्या हातांतून रक्त गळत होतं आणि त्या रक्तानं दोर आणखी निसरडा होत होता. ज्योतिरामनं काहीही केलं नसतं तरी चाललं असतं. कोयता रणजितचा, वार रणजितचा, आणि पुन्हा एकदा गाठ सुटली तर गाव जे म्हणायचं ते आधीच म्हणून बसलं होतं. क्षणभर त्याच्या मनात तसं आलं, आणि ते बोचलंही नाही. मग त्यानं दातांनी पट्ट्याची वादी डाव्या मनगटावर आवळली आणि उजव्या हातानं वेढे हळूहळू ढकलत तो खाली उतरला.

कमरेला घोरपडीची सुटी दोरी होती. डावा हात नसल्यातच जमा होता. उजव्या हातात आणि दातांत दोरी धरून त्यानं रणजितच्या डोक्यावर, त्याच्या दोराभोवती पहिला वेढा घातला. उजवा हात त्या कामाला नवखा. पण तो आपल्या वळणानंच गेला, उजव्या अंगानं. दोन, तीन. रणजितचा श्वास त्याच्या गळ्याशी लागत होता. चार, पाच. दोरीच्या टोकाची कडी त्यानं रणजितच्या पट्ट्यात अडकवली. लोंबकळून बघायला ना वेळ होता, ना हात.

“माज्यावर,” तो म्हणाला.

“तुज्यावर कसा इस्वास ठिवू?”

“ठिवू नगंस. हात सुटंल तवा बगशील.”

हात सुटला. रणजित खाली गेला, दोर शिट्टी वाजवत गेला, धूर निघाला. ज्योतिरामनं डोळे मिटले नाहीत. वेढे काळे पडले, चकाकले आणि आकसत आकसत दोरात रुतून बसले. रणजितचे पाय डांबरापासून पुरुषभर उंचीवर झोके घेत थांबले.

दोघांना खाली घेतलं तेव्हा ज्योतिरामला धड उभं राहवत नव्हतं. तो रस्त्यावर आडवा पडून तातोबाला म्हणत होता, सगळ्या टोळ्यांना फोन लाव, कुठं डावरा गडी गाठ बांधत असेल तर वरच्याला म्हणावं जोरात उतरू नको, फांदीला धरून बस. तातोबाला वाटलं, रक्त गेल्यामुळे बरळतोय. कुणीतरी त्याच्या तोंडात पाणी घालत होतं.

रणजित पलीकडे बसला होता. नाक वाकडं, दोन्ही तळवे सोललेले. “लाव फोन, तातोबा,” तो म्हणाला. “गाठ बगितली म्या.”

कऱ्हाडच्या टोळीत एक डावरी बाई होती, आणि तिनं बांधलेल्या गाठीवर तिचा जोडीदार त्या घडीला चिंचेच्या शेंड्यावर होता. त्याला शिडी लावून उतरवला. सांगलीकडच्या टोळीतला फोन मात्र बराच वेळ कुणी उचलला नाही. उचलला तेव्हा कळलं की तिथला एक जण दोन आठवड्यांपूर्वीच गेला होता. त्याचाही अहवाल होता: दोरी निर्दोष, बांधण्यात चूक.

मुजावर मॅडम इस्पितळात आल्या. तंतूला कारखान्यात एकाच अंगाचा पीळ देतात, त्यांनी सांगितलं. तापला की तो पीळ सुटू बघतो. वेढे त्याच अंगाचे असतील तर त्या ओढीनं ते आकसतात, उलट्या अंगाचे असतील तर तीच ओढ त्यांना फाकवते. कागदावर बघितलं असतं तर शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. पण गाठ बांधून चाचण्या घेणारे सगळे उजवे होते, आणि डाव्या हाताची आठवण ज्यानं करून दिली त्याला त्यांनी हसून उत्तर दिलं होतं. ते उत्तर त्यांना शब्द न शब्द आठवत होतं. समोरचा चहा त्यांनी तसाच ठेवला. कंपनीनं सगळी घोरपड परत मागवली होती, आणि त्यांनी स्वतः पोलिसांना लिहून दिलं होतं.

पोलिसांची पंचाईत वेगळीच झाली. ज्योतिराम सांगत होता की कोयता निसटला, आणि रणजित सांगत होता की मी मारला, मारायलाच मारला. दोघांचे जबाब शेवटपर्यंत जुळले नाहीत.

शालन आली ती एका दुपारी. खाटेच्या कडेला बसली. डाव्या हातावरच्या बँडेजच्या बोळ्याकडे तिनं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. मग पिशवीतून एक दोरी काढून मांडीवर पसरली. सयाजीच्या पट्ट्याची दोरी होती ती. पोलिसांनी कपड्यांबरोबर तिला तेव्हाच परत दिली होती. तिच्यावर पाच तिरके जळके पट्टे होते.

“समदी सांगत हुती, पर ह्ये बगितलं तवा मला पटलं, गाठ तुजीच हाय,” ती म्हणाली. “माज्या येनीचा पीळ असाच पडायचा. म्हनून तर दार लावलं.”

ज्योतिरामनं उजव्या हाताचं बोट त्या जळक्या पट्ट्यांवरून फिरवलं.

“त्यानं मला मारलं म्हनून तू त्याला मारलास, असं धरून चालले हुते. तुजा राग यायचा. त्या रागावर उटत हुते, भाकऱ्या थापत हुते. आता समदी सांगत्यात, कुनाचीच चूक न्हाई. कारखान्यातल्या पिळाची चूक. पिळावर कसं रागवायचं?” तिचा आवाज पहिल्यांदा चिरला. “मरताना त्याचं तोंड सुजल्यालं हुतं, दादा. माज्यापायी. मग मी आता कुनावर रागवू?”

कंपनीवर, त्याच्या मनात आलं. मॅडमवर, उन्हावर, त्या पडलेल्या फांदीवर. सगळी नावं खरी होती. पण त्या सकाळी दोराखाली त्यांच्यातलं कुणी उभं नव्हतं. पाय उचलून लोंबकळलेला एकच माणूस होता, आणि त्यानं शब्द दिला होता.

“माज्यावर,” तो म्हणाला.

शालननं त्याच्याकडे टक लावून बघितलं. मग तिनं मूठ वळली आणि त्याच्या छातीवर मारली. मग दुसरी मारली. तिसरी मोडक्या बरगडीवर बसली, तरी तो मागं सरला नाही. ती उठून उभी राहिली, दोन्ही हातांनी, सगळ्या अंगाचं वजन टाकून मारत राहिली, रडत राहिली. वॉर्डातली माणसं उठून बसली. नर्स धावत आली, तिला त्यानं उजव्या हातानं लांबच थांबवलं. शालन दमून त्याच्या खांद्यावर कोसळेपर्यंत तो तसाच ताठ बसून राहिला.